५२ किलो, ९४ किलो आणि दोन चाकं

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशिनशॉप आहे. दोन शेड, मधे काँक्रीटचं आवार, मागं कास्टिंग ठेवायला पत्र्याचा आडोसा. पुतणी डिप्लोमा करून आली तेव्हापासून इन्स्पेक्शन तीच बघते. गेज घेऊन या शेडमधून त्या शेडमध्ये दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या होतात. बेंगळुरूला ट्रेनिंगला गेली असताना तिनं एका आवारात कुणाला तरी इलेक्ट्रिक एकचाकीवरून (मधे एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्या म्हणजे पेडल, त्यांच्यावर उभं राहून चालवायची, हँडल नाही) जाताना पाहिलं आणि परतल्यापासून तिला तोच ध्यास लागला. माझंही एक कारण होतं. किणयेला आमचं शेत आहे. रस्त्यालगतच्या घरापासून खाली विहिरीच्या पंपापर्यंत आमच्याच जमिनीतून वाट जाते. रताळ्यांच्या कडेनं, १ किलोमीटरला थोडी कमी. दिवसात चार खेपा झाल्या की माझे गुडघे धरतात.

दोघांत मिळून एकच चाक घ्यायचं ठरलं. तिचं वजन ५२ किलो, उंची ५ फूट १ इंच. माझं वजन ९४, उंची ५ फूट ९. दोन माणसांत एक चप्पलजोड घ्यावा तसा हा निर्णय होता, पण तेव्हा तो आम्हाला काटकसरीचा वाटला. पुढं जे घडलं ते शॉपमध्ये जॉबचं लिहितो तसं वहीत रोजच्या रोज टिपून ठेवलं. आपल्या भागात ही चाकं फार कुणाकडं नाहीत, विचारायला जवळपास माणूस सापडत नाही. म्हणून ते सगळं इथं मांडतोय.

मोठं घेतलं, ते कसं फसलं

फेब्रुवारीत पुण्याहून एक जुनं १८ इंची चाक आणलं. ३ इंच रुंद टायर, २२०० वॉटची मोटर, १५०० वॉट-तासांच्या आसपासची बॅटरी, हवेचा शॉकॲब्सॉर्बर. वजन २७ किलो. शॉकॲब्सॉर्बर असलेली चाकं २०२० पासून बाजारात आली, त्या पहिल्या पिढीतलंच हे. माझा हिशेब सरळ होता: टायर मोठा तर खड्डा कमी लागेल, मोटर मोठी तर मी चालेन, आणि मी चाललो तर पोरगी चालणारच. शेवटचा भाग चुकला.

शेडच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी ती चाक उचलायला गेली आणि म्हणाली, "काका, हे माझ्यानं उचलत नाही की." मी ते हसण्यावारी नेलं. मला तिथंच थांबायला हवं होतं. २७ किलो म्हणजे तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. चाक शिकताना माणूस ते चालवतो कमी आणि पडलेलं उचलून परत उभं करतो जास्त. पहिल्या दिवशी तिनं ते तीसेक वेळा उभं केलं. दहाव्या मिनिटाला हात थरथरायला लागले, आणि थकलेल्या माणसाला तोल शिकवता येत नाही.

हे यंत्र तोल कसा सांभाळतं ते इथं सांगायला हवं, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरायचो. काठी पुढं कलली की हात पुढं न्यायचा, मागं कलली की मागं. चाकात हा हात म्हणजे मोटर. आतले सेन्सर कल मोजत असतात. तुम्ही पुढं झुकलात की मोटर चाक पुढं पळवून तुमच्या खाली आणते, मागं झुकलात की वेग कमी करते. पण ही मदत फक्त पुढं-मागं आहे. डावी-उजवीकडचा तोल तुमचा तुम्हालाच सांभाळायचा, सायकलीसारखा: ज्या बाजूला पडायला होतं त्याच बाजूला चाक वळवायचं. सायकलीला त्यासाठी हँडल असतं. इथं कंबर आणि खांदे फिरवून आणि एका पेडलवर भार देऊन चाक वळवावं लागतं.

आता ५२ किलोंच्या मुलीनं २७ किलोंचं, ३ इंच रुंद टायरचं चाक कंबरेनं वळवायचं. रुंद टायर सरळच जाऊ बघतो. मी वळवतो तेव्हा माझं वजन त्याला ऐकायला लावतं, तिचं वजन पुरत नव्हतं. ती कलायची, चाक उशिरा वळायचं, तोवर तिचा पाय खाली आलेला असायचा. त्यात शॉकॲब्सॉर्बरमधली हवा आधीच्या मालकाच्या वजनाची भरलेली. तिच्या वजनानं तो दबतच नव्हता, त्यामुळं पेडल होते त्याहून उंच. दुसरा पाय वर घेणं म्हणजे तिच्यासाठी जिन्याची पायरी चढणं. हवा कमी करायची असते हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर तिच्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. वहिनींनी मला घरी बोलावून विचारलं, "भावजी, पोरीचे हातपाय मोडायला आणलंय काय हे?" मला उत्तर देता आलं नाही.

तीन आठवड्यांत तिची जास्तीत जास्त मजल ४ मीटर. चौथ्या आठवड्यात ती आवारात यायचीच बंद झाली. मला सर्वांत जास्त लागलं ते हे. मुलगी धीट आहे, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर, पहिल्या दिवसापासून घाबरली नाही. चाक चुकीचं होतं आणि तिला वाटलं आपल्यातच खोट आहे.

लहान चाक

मार्चअखेर एका ओळखीच्याकडून १४ इंची चाक वापरायला आणलं, नंतर ते विकतच घेतलं. १४ किलो वजन, ८०० वॉटची मोटर, ४२० वॉट-तासांची बॅटरी, सव्वादोन इंचांच्या आतला अरुंद टायर. जुन्या सायकल ट्यूब कापून त्याच्या अंगाला गुंडाळल्या आणि मुठीतून एक सुती पट्टा ओवला. पट्टा हातात सैल धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. गुंडाळला तर चाक पडताना माणसालाही ओढतं.

पहिल्या दिवशी फक्त एक पाय. शेडच्या लोखंडी कठड्याला हात, एक पाऊल पेडलवर, चाक पोटरीकडं किंचित कललेलं, आणि दुसऱ्या पायानं जमीन ढकलत स्कूटरसारखं पुढं जायचं. दोन दिवस हेच, रोज २० मिनिटं. तिला घाई होती, मला मोठ्या चाकानं शहाणपण शिकवलं होतं. एका पायावर दोन-तीन मीटर सरकता येत नसेल तर दुसरा पाय उचलण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कठडा सोडला. आधार जितका लवकर सुटेल तितकं बरं, कारण कठड्याला धरून चालताना शरीर कठड्यावर तोल सांभाळायला शिकतं, चाकावर नाही.

चौथ्या दिवशी दुसरा पाय वर आला आणि २ मीटरांत उतरला. तसाच पुन्हा. पुन्हा. चूक एकच होती: ती पायांकडं बघत होती. आमचे फोरमन मामा बैलहोंगलकडचे, घरात कन्नड बोलणारे. ते लेथवरून हे सगळं बघत होते. चार मुलांना सायकल शिकवलेला माणूस. ते दारात येऊन म्हणाले, "मुंद नोडव्वा, मुंद नोड." पुढं बघ, बाई. तिनं मान वर केली, समोरच्या भिंतीवरच्या हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरवर नजर ठेवली, आणि ७ मीटर गेली. आवारातल्या सगळ्यांनी ओरडून गलका केला. पुढचे कित्येक दिवस मामांचा हा एकच मंत्र चालला, आणि ती वेगात यायला लागली की दुसरा: "निधान, निधान."

निधान म्हणजे हळू. पण फार हळू चालत नाही. चालण्याच्या वेगाखाली चाक डगमगतं. ताशी ८ ते १० किलोमीटर झालं की ते आपोआप सरळ उभं राहतं. नवशिका भीतीनं हळू जातो आणि हळू गेल्यामुळंच पडतो. तिला हे सांगून पटलं नाही. सहाव्या दिवशी चुकून जास्त झुकली, वेग आला, आणि आवाराच्या टोकापर्यंत पोचली तेव्हा पटलं. पाचवा दिवस सुट्टीचा होता, हात लावला नव्हता. मधे एक दिवस गेला की जमत नसलेली गोष्ट जमते हे माझ्या बाबतीतही दोनदा झालं, म्हणून आता मी सुट्टी मुद्दाम ठेवायला सांगतो.

नवव्या दिवशी तिनं आवाराला पूर्ण चक्कर मारली. उजवं वळण नीट बसायला आणखी दोन आठवडे लागले, सगळ्यांचीच एक बाजू कच्ची असते. पाऊल कुठं ठेवायचं हेही तेव्हाच बसलं: तळव्याची कमान चाकाच्या आसाच्या रेषेवर, बोटं पेडलच्या किंचित पुढं. सुरुवातीला दहा मिनिटांत तळवे बधिर व्हायचे. गुडघे ताठ ठेवून पोटऱ्यांनी चाक आवळून धरलं की असं होतं, आणि त्यानंच चाक थरथरायलाही लागतं. गुडघे सैल केल्यावर दोन्ही कमी झालं. थांबताना खुर्चीत बसायला जावं तसं मागं बसायचं.

गवताच्या मैदानावर शिका, पडलं तरी लागणार नाही, असं बरेच जण सांगतात. आम्ही एकदा करून बघितलं. गवतात चाक अडतं, तोल जास्त जातो, शिकायला दुप्पट वेळ लागतो. कोरडं, सपाट काँक्रीट आणि अंगावर पूर्ण संरक्षण हेच बरं. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघे आणि कोपर. यातलं मनगट सर्वांत आधी, कारण पडताना हात आपोआप पुढं जातो.

किणयेतला उतार आणि चढ

एप्रिलभर मीही त्याच १४ इंची चाकावर शिकलो. तीन आठवडे लागले. सपाट आवारात मजा यायची, १४ किलो उचलायला काहीच नाही. मोठं चाक कोपऱ्यात पडून होतं. मे महिन्यात मी लहान चाक किणयेला नेलं.

सकाळी घरून पूर्ण चार्ज करून खाली पंपाकडं निघालो. शंभरेक मीटर गेल्यावर चाक बीप-बीप करायला लागलं. उतारावर ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी वीज तयार करते आणि बॅटरीत परत भरते. बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते. मी उतरून चाक ढकलत नेलं. यातून एक नियम बसला: उतारावरून सुरुवात असेल तर ९० टक्क्यांच्या वर चार्ज करायचं नाही.

संध्याकाळी तिसऱ्या खेपेला वर येत होतो. बॅटरी ३० टक्क्यांवर. वाटेचा शेवटचा टप्पा चढाचा आहे. नंतर पाण्याची लेव्हल-नळी लावून मोजला, १० मीटरला ८० सेंटिमीटर. चाक बीप करायला लागलं, पेडलची पुढची कड वर उचलली गेली, म्हणजे ते मला मागं रेटत होतं. घर समोर दिसत होतं. एवढंच उरलंय म्हणून मी आणखी पुढं झुकलो. त्या क्षणी मोटरनं हात टेकले आणि मी तोंडावर पडलो. मनगटाचे गार्ड होते म्हणून मनगटं वाचली. उकडतंय म्हणून गुडघ्यांचे घातले नव्हते. गुडघ्याला ५ टाके पडले, डावा खांदा महिनाभर वर होत नव्हता.

घरी पडल्या पडल्या मी गणित मांडलं. मी आणि चाक मिळून १०८ किलो. ८ टक्के चढाला साधारण ८५ न्यूटन जोर लागतो, मातीच्या वाटेचं घर्षण धरून आणखी ३० च्या आसपास. ताशी १८ किलोमीटर वेगाला हे जवळजवळ ६०० वॉट झाले, तेही एकसारखं चालताना. त्यात मी झुकून वेग वाढवायला मागितला की मागणी सहज हजारावर जाते. पुतणी त्याच चाकावर, त्याच चढावर, त्याच वेगात गेली तर तिची आणि चाकाची मिळून ६६ किलो, म्हणजे ३६० वॉटच्या आत. तिच्याकडं निम्म्याहून जास्त राखीव उरतं, माझ्याकडं काहीच नाही.

मोटरवर लिहिलेले ८०० वॉटही सगळे मिळत नाहीत, हे त्याहून महत्त्वाचं. या बॅटरीत १६ सेल एकापुढं एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२ म्हणजे ६७.२ व्होल्ट. बॅटरी उतरत जाते तसा हा आकडा खाली येतो, आणि चढावर जोर काढताना आणखी दबतो. दुसरीकडं मोटर जितकी जोरात फिरते तितका तिचा स्वतःचा उलटा व्होल्टेज वाढतो. या दोन्हींत जो फरक उरतो त्यातूनच जोर मिळतो. कमी चार्ज, वेग, चढ आणि वजन अशा चारही बाजूंनी मी तो फरक संपवत आणला होता. बीप आणि उचललेलं पेडल म्हणजे फरक संपत आल्याची सूचना. दुचाकीचं इंजिन दमलं तर गाडी मंदावते. इथं मोटर दमली तर तळहातावरची काठी पडते.

या चाकाच्या कागदावर कमाल वजन १२० किलो लिहिलंय. मी ९४ चा, म्हणून निश्चिंत होतो. सपाट आवारात, भरलेल्या बॅटरीवर तो आकडा खरा असेलही. आपल्या चढावर किती राखीव उरतं ते त्या आकड्यातून कळत नाही, ते स्वतःच मांडून बघावं लागतं.

मग माप कशाचं घ्यायचं

जूनमध्ये आम्ही चाकांची अदलाबदल पक्की केली. १४ इंची तिचं, १८ इंची माझं. लहान चाकावर तोल शिकलेलाच होता, त्यामुळं मोठ्यावर मला चार दिवस पुरले. शॉकॲब्सॉर्बरमध्ये माझ्या वजनाची हवा भरली. तोच चढ, तोच वेग, मागणी ६५० वॉटच्या आसपास आणि मोटर २२०० ची. आता बीप ऐकलेला नाही. वाटेवरच्या दगडांवरून मोठा टायर शांतपणे जातो. ५ सेंटिमीटरचा दगड लहान चाकाला भिंतीसारखा आडवा येतो, मोठ्याला तोच कमी तिरपा लागतो.

इंचांवरून माप ठरवू नका, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. १६ इंचीतच दोन घराणी आहेत: एक अरुंद टायरचं, १४-१५ किलोंचं, आणि दुसरं ३ इंच टायरचं, २४ किलोंच्या आसपासचं. आकडा एक, यंत्रं वेगळी. दुसरी गोष्ट, नुसतं चाक मोठं आणि मोटर तीच असेल तर जोर उलट कमी मिळतो. त्रिज्या वाढली की तेवढाच धक्का द्यायला जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो. लेथवर मोठ्या व्यासाचा जॉब लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

म्हणून आधी जागा बघायची. काँक्रीट की माती, चढ किती, पायऱ्या किती, दिवसाला किलोमीटर किती. मग माणसाचं वजन. मग चाकाचं वजन, आणि ते त्या माणसाला एका हातानं पायऱ्यांवर नेता येतं का. ५०-६० किलोंच्या, सपाट आवारात फिरणाऱ्याला १४ इंची भरपूर आहे. माझ्या वजनाच्या माणसानं चढ असलेल्या वाटेसाठी १५०० वॉटच्या खालची मोटर बघूच नये, हे माझं ठाम मत. बॅटरीबद्दल आमच्या वहीतले आकडे सांगतो: पुतणीला आवारात किलोमीटरला ११-१२ वॉट-तास लागतात, मला किणयेत २४ च्या आसपास. मोठी बॅटरी नुसती लांब जाण्यासाठी नसते. ती एकदम जास्त करंट देऊ शकते आणि व्होल्टेज कमी दबतो, म्हणजे पडायचा धोका कमी.

रस्त्याचं विचाराल तर आम्ही दोघंही काँग्रेस रोडवर किंवा तिसऱ्या रेल्वे गेटाकडं चाक नेत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणीतून सूट आहे ती २५० वॉटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरी वाहनांना. आमची दोन्ही चाकं त्यात बसत नाहीत. आपलं आवार आणि आपलं शेत, तेवढीच त्यांची हद्द. बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर किणयेची वाटही बंद असते. लाल चिखलात टायर घसरतो, आणि मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये पाणी गेलं तर चालत्या चाकाची मोटर बंद पडू शकते. चार्जिंग शॉपमध्ये, माणूस जवळ असताना, लाकडी फळ्यांपासून लांब. रात्री घरात कधीच नाही.

पुतणीला आता हलकं १६ इंची हवंय, मागच्या आडोशापर्यंतचा उखडलेला पट्टा १४ इंचीला जड जातो म्हणून. तिनं मागितलंय ते मापानं मागितलंय. दिवाळीनंतर घेऊ.

परवापासून मामांचा धाकटा मुलगा शिकायला येतोय. वजन ७१ किलो. त्याला १८ इंचीवरच चढायचं होतं. १४ इंचीवर उभा केला, बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आवाराबाहेर न्यायचं नाही, असं पुतणीनंच त्याला बजावलं. काल तो एका पायावर दीड मीटर सरकला. मामा लेथ बंद करून दारात उभे होते, आणि या वेळी "मुंद नोड" पुतणी म्हणत होती.